पहिली बॅच

१४ जून २०२४

बसमध्ये लिहितेय, अक्षर वाकडंतिकडं येणार.

आज नागपूरला नोंदणीच्या ऑफिसात गेले होते. नोंदणी झाली की नावापुढं डॉक्टर लावायचं, गुरांच्या दवाखान्याच्या जागा निघाल्या की अर्ज करायचा, असं सगळं ठरलेलं. खिडकीतल्या गृहस्थांनी माझी पदवी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "बेटा, कुठून आलीस?"

म्हटलं, "महागाव तालुक्यातून. फुलसावंगीजवळ आमचा तांडा आहे."

"एवढ्या लांबून! तुम्हाला कॉलेजात कोणी सांगितलं नाही का? तुमच्या कॉलेजच्या पदवीला मान्यता नाही."

"सर, परवानगी आहे. आमच्या गेटवरच लिहिलंय."

"परवानगी कॉलेज सुरू करायची असते. पहिली बॅच शेवटाला आली की तपासणी होते, मग पदवीला मान्यता मिळते. तुमच्या तपासणीत ती मिळाली नाही. मान्यता नाही तर नोंदणी नाही. आणि नोंदणी नसताना जनावराला सुई लावली तर गुन्हा होतो, हे तर शिकवलं असेल."

शिकवलं होतं. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते.

बसमध्ये बसते न बसते तोच बापूचा फोन. "झालं का वो डॉक्टरीणबाई?" मागं जया वहिनीचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, सर्व्हर बंद होता, पुन्हा बोलावलंय. "बरं बरं, सर्कारी काम हाये, लागते टाइम," बापू म्हणाला.

१७ जून

बाभुळगावला उतरून कॉलेजात गेले. प्राचार्य गावंडे सरांच्या केबिनबाहेर बॅचमधली बरीच जणं जमली होती. अर्पिता माझ्या गळ्यात पडून रडली. बाभुळगावचीच आहे ती. वडील नाहीत, आई अंगणवाडीत. घर गावात असूनही सदा हॉस्टेलवर माझ्याच खोलीत असायची म्हणून बहिणीसारखी झाली.

सर शांत होते. "महिन्याभरात पुन्हा तपासणी लावून घेतो. घाबरायचं कारण नाही. मान्यता मागच्या तारखेपासून मिळते." त्यांनी एवढं ठामपणे सांगितलं की बाहेर आल्यावर आम्ही चहा प्यायलो, हसलोसुद्धा. त्यांच्या केबिनमधली सगळी पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. रंगकाम काढलंय म्हणाले.

परतताना मात्र पहिली तपासणी आठवत राहिली. दवाखान्यात जनावरं फारच कमी येत, म्हणून त्या दिवशी आम्हीच आजूबाजूच्या गावांतून गाई-बैल आणवून बांधले होते. कधी न पाहिलेले चार शिक्षक पांढरे कोट घालून फिरत होते. समितीतल्या मॅडमनी एका शेतकऱ्याला विचारलं, "दादा, गाईला काय त्रास आहे?" तो म्हणाला, "तरास काहीच नाई जी. कॉलेजवाल्याइनं आणाले सांगतलं म्हून आणली." आम्ही त्या रात्री त्याची नक्कल करून हसत होतो. कशाला हसतोय ते कळलं नव्हतं.

३ जुलै

गावंडे सर गेले. दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात रुजू झाले म्हणे. केबिनला रंग वगैरे काही लागलेला नाही.

११ जुलै

आज घरी सांगितलं.

शेतात कपाशीची डवरणी चालू होती. बापू आणि थोरला नेमसिंगभाऊ दुपारच्या भाकरीला बांधावर बसले होते तेव्हा मी बोलले. बापूनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे तू शिकली, पास झाली, पर डॉक्टर नाई?"

"हो."

"आन् ज्याइनं शिकवलं त्याइची चूक हाये?"

"हो."

"मंग तुले काहून शिक्षा?"

नेमसिंगभाऊ भाकर तशीच ठेवून उठला आणि बैलांकडं गेला. याडीनं, माझ्या आईनं, तिन्हीसांजेला माझ्या पानात जास्तीची भाकर वाढली आणि विचारलं, "पर तुले येते नं सगळं?" म्हटलं, येते. "मंग झालं तं," म्हणाली. तिला वाटतं येणं पुरेसं असतं.

२८ जुलै

यवतमाळला सगळे भेटलो. अंकुरनं पुढाकार घेतला. केळापूरचा आहे तो, कापूस-सोयाबीनवाल्या सदाशिवरावांचा मुलगा. पहिल्या वर्षापासून वर्गाचा प्रतिनिधी तोच. बोलायला लागला की सगळे ऐकतात, मीसुद्धा. चाळीसेक जणांनी मिळून हायकोर्टात याचिका टाकायची ठरलं.

वकील इंदुताई. पन्नाशीच्या, तोंडावर बोलणाऱ्या. म्हणाल्या, "कॉलेज चुकलं म्हणून तुमचं सरसकट खरं असं कोर्ट म्हणणार नाही. तुम्हाला नीट शिकवलंय का, तुमच्या हाती जनावर द्यावं का, हे ते बघतील. तेव्हा एक नीट ऐका. निकाल लागेपर्यंत कोणीही जनावराला हात लावायचा नाही. तुमच्यातल्या एकाची जरी तक्रार आली तर समोरचा वकील म्हणेल, बघा साहेब, ही बोगस डॉक्टरांची टोळी."

अंकुरनं सगळ्यांकडून तिथंच शब्द घेतला. माझ्याकडं बघून म्हणाला, "रंजिता, तुझ्या तांड्यात लोक ऐकणार नाहीत. तू जास्त सांभाळ." माझी काळजी आहे त्याला. परत येताना बसमध्ये उगाच बरं वाटत होतं.

४ ऑगस्ट

मी पास झाले तेव्हा बापूनं पुसदहून पत्र्याची पाटी रंगवून आणली होती. 'डॉ. रंजिता धनसिंग आडे'. इंदुताईंच्या बोलण्यानंतर मी म्हटलं, ती काढावी लागेल. आज सकाळी त्यानं शिडी लावून स्वतःच काढली. समोरून तांड्याचे प्रमुख पूनमसिंग नाईक चालले होते. "काय झालं धनसिंग?" बापू म्हणाला, "काई नाई नाईकसाहेब, रंग उडून राह्यला होता." रंग अगदी कोरा होता. नाईकांनी तो पाहिला आणि पुढं गेले.

२ सप्टेंबर, पोळा

सजवलेले बैल घेऊन माणसं दारावरून जात होती. प्रत्येकजण हाक मारायचा. याच्या खुराला काय झालं पाह्यजो वो, याचा डोळा पाह्य. मी सगळ्यांना म्हटलं, सरकारी दवाखान्यात न्या. एकजण जाता जाता म्हणाला, "शिकली तं लई भाव खाते." दिवसभर घराच्या आतच बसले. खिडकीतून बैलांची चाल बघत राहिले. दोन लंगडत होते. एकाच्या खुरात नक्की खडा होता, चिमट्यानं निघाला असता.

९ ऑक्टोबर

केळापूरच्या देवीला गेले होते, वहिनीचा नवस होता. तिथून अंकुरकडं गेलो. तो घरी नव्हता. त्याच्या आई, मैनाबाई, फार प्रेमानं बोलल्या. "बसा वो पोरीहो, येतेच तो. सकाळपासून पायाले दम नाई त्याच्या. लोकं झुंजूमुंजूलेच दारात येऊन उभे." सदाशिवराव सोसायटीवर आहेत, माणसांची वर्दळ असणारच.

अंकुर आला. गाडीच्या डिकीत औषधांच्या बाटल्या खुळखुळत होत्या. मामाचं मेडिकल आहे, तिथला माल पोचवतो म्हणाला. बिचारा रिकामा बसत नाही. मी मात्र चार महिने नुसती भाकरी खातेय. पुढची तारीख नोव्हेंबरात आहे आणि जज चांगले वाटतात, असं म्हणाला. निघताना वहिनी म्हणाली, "पोरगा चांगला हाये." मी म्हटलं, चल, बस जाईल.

२१ ऑक्टोबर

आज जे झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी भुरीबाई आली. आमच्या मागच्या घरात एकटी राहते. तिची एकच म्हैस, तिच्यावरच तिचं घर चालतं. "रंजी, म्हैस रातपासून कळा देऊन राह्यली. पाणमोट बी दिसत नाई."

मी म्हटलं, "भुरीकाकी, मला हात लावता येत नाही. कोर्टात आहे आमचं."

ती भांडली नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. मी सरकारी डॉक्टरांना फोन लावला. ते लसीकरणाला लांबच्या गावात होते. म्हणाले, "एकटा आहे मी, तीन दवाखाने बघतोय. चार वाजतील." चार वाजेपर्यंत म्हैस टिकणार नव्हती, हे मला न बघता कळत होतं. तरी मी घरात येऊन बसले. तूर निवडायला घेतली. याडीनं माझ्या पुढचं सूप काढून घेतलं. "जाचं नसन तं नको जाऊ. पर तूर बी नको निवडू. खडे तसेच ठेवून राह्यली तू."

मग गेले. फक्त बघायला, असं स्वतःला सांगत गेले.

हात आत घातला तर वाट मळसूत्रासारखी फिरलेली. गर्भाशयाला पीळ पडला होता, उजवीकडं. शेवटच्या वर्षी एकदाच करून पाहिलं होतं, तेही गावंडे सर शेजारी उभे असताना. म्हशीला आडवं पाडायचं, पोटावर फळी ठेवून तिच्यावर माणूस उभा करायचा, आणि जिकडं पीळ तिकडंच म्हशीला झटक्यात लोळवायचं. म्हणजे आतलं जागेवर राहतं आणि बाहेरचं फिरून पीळ सुटतो. नेमसिंगभाऊनं बैलबंडीची फळी काढून आणली. पायाला दोर बांधले. सात-आठ गडी आले. फळीवर बापू उभा राहिला.

पहिल्यांदा लोळवलं. हात घालून पाहिलं, काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. भुरीबाई म्हशीच्या तोंडाशी बसून तिला आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी सांगत होती, लेकराला सांगावं तसं. तिसऱ्यांदा मी ओरडले, "जोरात, एका दमात!" आणि म्हैस फिरली तशी माझ्या हाताखाली वाट उघडत गेली. ते कसं वाटलं ते लिहिता येत नाही. धो धो पाणी आलं. पुढचे पाय लागले, मग नाक. मी बोट लावलं तर त्या पिल्लानं जीभ हलवली.

वगार झाली, मादी. जिवंत. नाकातोंडातली घाण काढून तिला गवतानं चोळलं. माझ्याकडं कॅल्शियमची एकच बाटली होती, ती म्हशीला शिरेतून लावली. तासाभरात म्हैस उठली. भुरीबाई माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला धरलं तर दोघी चिखलात बसलो.

चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

२३ ऑक्टोबर

जया वहिनीनं सगळं मोबाइलवर काढलं होतं आणि स्टेटसला टाकलं. 'आमच्या तांड्याची डॉक्टर.' मला आज कळलं. सुई लावतानाचं स्पष्ट दिसतंय. मी ओरडले तेव्हा ती घाबरून रडायला लागली, लगेच काढून टाकलं. पण तोवर ते फुलसावंगीपासून उमरखेडपर्यंत फिरलं होतं. कोणीतरी खाली गाणंही जोडलंय. वहिनी दिवसभर जेवली नाही. तिची काय चूक? तिला माझा अभिमान वाटला, एवढीच.

१९ नोव्हेंबर

कोर्टात समोरच्या वकिलांनी तो व्हिडिओ जोडला. म्हणाले, या मुलांना कायद्याची भीती नाही. जज म्हणाले, पुढच्या तारखेला बघू.

बॅचच्या ग्रुपवर मी त्या दिवशी काय घडलं ते सगळं लिहिलं, कोणी मला काही बोललं नाही. कोणी काहीच बोललं नाही, हेच वाईट. अर्पितानं मेसेज वाचल्याची निळी खूण दिसते, उत्तर नाही.

२४ नोव्हेंबर

अंकुर तांड्यावर आला. पहिल्यांदाच. याडीनं चहा केला. तो खाटेवर बसला आणि बराच वेळ कपाशीचंच बोलला. वेचणीला बाया मिळतात का, वगैरे. मग बापू बाहेर गेल्यावर म्हणाला, "रंजिता, इंदुताई म्हणतात, तुझं नाव याचिकेत राहिलं तर सगळे बुडतील."

"मग?"

"तू नाव मागं घे. बाकीच्यांचं होऊन जाऊ दे. एकदा पदवीला मान्यता मिळाली की तुझीही त्यातच आली ना. तुझ्या एकटीसाठी वेगळी थोडीच राहणार?"

मी विचारलं, "इंदुताईंनी स्वतः फोन का नाही केला?"

"त्यांना तुला सांगणं जड जात होतं."

अर्पिताची आई डोळ्यांसमोर आली. त्यानं आणलेल्या कागदावर सही केली. अंकुरचा हात माझ्या हातावर क्षणभर होता. "तू आमच्यासाठी केवढं करते आहेस," म्हणाला. गाडी लांब जाईपर्यंत मी दारात उभी होते.

१२ डिसेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

३० डिसेंबर

सकाळी उठायचं, कापूस वेचायला जायचं, यायचं, झोपायचं. जेवण जात नाही. कोणी हाक मारली की आधी ऐकूच येत नाही. काल सरीमध्ये उभी राहिले होते तर वेचणाऱ्या बाया दोन ओळी पुढं गेल्या तरी मी तिथंच. कितीदा मनात येतं, उद्याचा दिवस उगवलाच नाही तर कोणाचं काय अडणार आहे.

याडी हल्ली विचित्र वागते. मी विहिरीवर गेले की धुणं नसताना मागून येते. कडेला उभी राहून उगाच काहीतरी विचारत बसते. माझी खाट तिनं स्वतःच्या खाटेला लावून घेतली, म्हणे थंडी आहे. आणि बापूनं फवारणीच्या औषधाचे सगळे डबे नेमसिंगभाऊच्या खोलीत नेऊन कुलूप घातलं. उंदीर डबे कुरतडतात म्हणाला. पत्र्याचे डबे उंदीर कसे कुरतडतील? विचारलं तर माझ्यावरच ओरडला. वयाप्रमाणं दोघंही चिडचिडी झालीत.

८ फेब्रुवारी २०२५

भुरीबाई रोज तांब्याभर दूध आणून ठेवते. मी नको म्हटलं की ऐकत नाही. आणि ठेवून निघूनही जात नाही. मी पिईपर्यंत समोर बसते. आज म्हणाली, "तू पेत नाई तोवर मी उठत नाई. मले काय काम हाये?" प्यायले.

१७ जून

निकाल लागला.

याचिका करणाऱ्यांना मान्यताप्राप्त कॉलेजात वर्षभर पुन्हा काम करायचं, परीक्षा द्यायची, मग नोंदणी. सगळ्या याचिकाकर्त्यांना. पदवीला सरसकट मान्यता नाहीच. निकाल फक्त नावं असलेल्यांपुरता.

माझं नाव नाही.

अर्पिताचा फोन आला, रडत होती, आनंदानं की कशानं कळलं नाही. "रंजू, तुझंही होईल गं." मी म्हटलं, हो. ग्रुपवर पेढ्यांची चित्रं. संध्याकाळी मी ग्रुपमधून बाहेर पडले.

१९ जून

इंदुताईंचा फोन आला. आवाजात राग होता. "मला एक सांग, तू नाव का काढलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, ताई. अंकुर म्हणाला."

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "मी त्याला म्हटलं होतं, रंजिताला घेऊन ये. डॉक्टर चार वाजता येणार होते, म्हैस मरत होती, हे कोर्टाला सांगू. त्या डॉक्टरांचं म्हणणं घेऊ. लपवण्यापेक्षा मांडलेलं बरं. आणि तो तुझी सही घेऊन आला, म्हणाला, घरच्यांचा दबाव आहे, तिला यातून सुटायचंय. मला वाटलं, लग्न ठरलं असेल तुझं."

म्हटलं, "असं काहीच नव्हतं, ताई."

"आता नवीन याचिका टाकता येईल," त्या म्हणाल्या. "पण किती वर्षं जातील सांगू शकत नाही. दुसरी वाट म्हणजे विद्यापीठ तुमच्या बॅचच्या उरलेल्यांना तिसऱ्या वर्षात घ्यायला तयार आहे, रिकाम्या जागांवर. तिसऱ्या वर्षापासून पुन्हा सगळं. विचार कर. आणि रंजिता, अजून एक. तुमच्यापैकी दुसरं कोणी उपचार करत होतं का? असेल तर मला माहीत असायला हवं."

खुळखुळणाऱ्या त्या बाटल्या मला तेव्हा आठवल्या. म्हटलं, "थोडा वेळ द्या, ताई."

२० जून

अंकुरला फोन केला. त्यानं दुसऱ्याच घंटीला उचलला.

"तू जनावरांच्या व्हिजिटा करत होतास ना?"

तो नाही म्हणाला नाही. "रंजिता, सगळेच करत होते."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे सगळे. मी, प्रफुल, शीतल. अर्पितासुद्धा, बाभुळगावला, एका डॉक्टरच्या हाताखाली. घरी बसून कोणाचं भागतं? फक्त व्हिडिओ तुझा निघाला."

"मग माझं नाव का?"

"कारण तुझ्यावर चौकशी आली असती तर पुढं आमच्यावर आली असती. एक गेलं तर चाळीस वाचतात. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "मी विचारलं असतं."

फोन ठेवला. मग गुरांच्या वाड्याच्या मागं जाऊन ओकले.

२२ जून

दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. इंदुताईंना सांगितलं तर अंकुर जाईल. आणि तो एकटा जाणार नाही. चौकशी लागेल, निकाल उलटेल, अर्पिताही जाईल. तिच्या आईनं अंगणवाडीत पेढे वाटले म्हणे. नाही सांगितलं तर माझ्यावर जे झालं ते तसंच राहतं, आणि मी एकटीच बोगस ठरते. मला तो माणूस बुडायला हवाय. अगदी मनापासून हवाय, हे इथं तरी खरं लिहिते. आणि अर्पितानं मला तेव्हा एका शब्दानं सांगितलं असतं तर, हेही पुन्हा पुन्हा येतं.

आज इंदुताईंना फोन केला. म्हटलं, "मला दुसरं कोणाचं माहीत नाही."

त्या म्हणाल्या, "नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणाल्या. त्यांना खरं काय ते कळलं असावं.

आता कोणी मला विचारू नये, बरं केलंस का. मला माहीत नाही. अर्पितावर अजून राग आहे. तरी तिचं होऊ दे.

२९ जून

घरात विषय काढला. तिसऱ्या वर्षापासून पुन्हा. नागपूरला. सगळं संपेपर्यंत मी सत्तावीस-अठ्ठावीसची होईन.

बापू तंबाखू मळत होता. "तेच पुस्तकं पुन्हा?"

"तेच."

"तुले तं येते ते."

"येते. पण तिथून शिकले असं कागदावर नाही."

त्यानं मळलेली तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाला, "जाय. लोकाइले काय सांगाचं ते माह्यावर सोड."

याडी चुलीपाशी होती. तिनं मान वरही केली नाही. म्हणाली, "जाऊ द्या तिले. ती तिकडं गेली, पोरीपोरीत राह्यली, तं मी एक दिवस झोपीन तरी."

हे फार लागलं. एवढी ओझं झालेय मी तिला? नंतर पाहिलं तर मागल्या दारात बसून पदरानं डोळे पुसत होती. मग वाटलं, धूर गेला असेल.

१८ ऑगस्ट, नागपूर

हॉस्टेल मिळालं. खोलीतल्या दोघी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. एकीनं विचारलं, "दीदी, तुम्ही पीएचडीला का?" म्हटलं, नाही, तिसऱ्या वर्षाला. मग तिनं तिची खिडकीजवळची खाट मला दिली. का दिली ते विचारलं नाही.

याडी सोडायला आली होती, बापूबरोबर. खोली पाहिली, दार पाहिलं, खिडकीचे गज हातानं हलवून पाहिले. त्या लहान मुलीचा हात धरून तिला म्हणाली, "हिले एकटी नको ठेवजो वो बाई." मला लाजच वाटली. मी काय लहान आहे?

१९ ऑगस्ट

पहिला तास औषधशास्त्राचा होता. वाट शोधण्यात उशीर झाला. आत शिरले तेव्हा सर अजून आलेले नव्हते.

मी दारातून आत पाऊल टाकलं आणि अख्खा वर्ग उभा राहिला. बाकं सरकल्याचा आवाज, मग एका सुरात, "गुड मॉर्निंग, मॅम."

मला क्षणभर कळेना. मागं वळून पाहिलं, माझ्यामागं कोणीच नव्हतं. सत्तर-ऐंशी पोरं उभी, माझ्याकडं बघत. पहिल्या बाकावरचा एकजण डस्टर घेऊन फळा पुसायला निघाला होता, तो अर्ध्या वाटेत थांबला.

मी किती वेळ तशी उभी होते माहीत नाही. त्या उभ्या वर्गासमोर एकदा वाटलं, परत फिरावं, स्टँडवर जावं आणि मिळेल ती बस पकडावी.

म्हटलं, "बसा. मीपण तुमच्याच वर्गात आहे."

कोणीतरी हसलं. मग दुसऱ्या कोणीतरी त्याला गप्प केलं. सगळे बसले. मी सगळ्यात मागच्या बाकाकडं चालत गेले. तिथला एक मुलगा सरकला आणि त्यानं बाक हातानं पुसला.

सर आले. हजेरी घेतली. माझं नाव यादीच्या तळाशी, पेनानं लिहिलेलं होतं.

"रंजिता धनसिंग आडे?"

मी उठून उभी राहिले. सरांनी पुन्हा विचारलं.

"हजर, सर," म्हटलं.